साखऱ्याची आई आणि भाषांतरित प्रश्न

मराठीच्या प्राध्यापकांकडे अधूनमधून एक काम येते. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा परिचर्या ह्या शाखांतले संशोधक इंग्रजीतली एखादी प्रश्नावली मराठीत करून आणतात आणि 'भाषांतर मूळाबरहुकूम आहे' अशा आशयाच्या प्रमाणपत्रावर भाषातज्ज्ञ म्हणून आमची सही मागतात. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासतो, एखादे वाक्य सरळ करतो, 'पारितोषिक'च्या जागी 'बक्षीस' सुचवतो आणि सही करतो. अशीच एक प्रश्नावली काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे आली होती. विषय होता आईवडील मुलांना कसे वाढवतात, हा. आम्ही तीवर तासभर खर्च केला आणि सही केली.

त्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने ती प्रश्नावली घरी नेली. ती हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. तिने सहज म्हणून आपल्या आईला प्रश्न वाचून दाखवले. मुलाने चांगले काम केल्यावर तुम्ही त्याचे कौतुक करता का, ह्या अर्थाच्या प्रश्नाला आईचे उत्तर होते, 'कधीच नाही'. पाच पर्यायांपैकी सगळ्यात खालचा. मुलीने कारण विचारले तेव्हा आई म्हणाली, आपल्याच लेकराचं कौतुक आपल्याच तोंडानं केलं तर नजर लागते. गुणांच्या हिशेबात ही बाई मायेत कमी पडली. ज्या मुलीने हे आम्हाला येऊन सांगितले, ती त्या मायेवरच महाविद्यालयापर्यंत आली होती.

प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता, शब्द साधे होते आणि सही आमची होती. मग चुकले काय, ह्याचा शोध घेताना आम्हाला थोडे मागे जावे लागले. मराठी माणसाला परक्या मापाने मोजण्याचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे आणि त्या इतिहासात साखऱ्यासारख्या गावांची जागा कोठे होती, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ, विचित्र वाटेल, पण एका बापाच्या आणि दोन मुलांच्या गोष्टीने करता येतो. जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधल्या उधळ्या मुलाची कथा स्थानिक बोलीत करून घेतली गेली. मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 मध्ये निघाला. एकच मजकूर सगळ्यांना द्यायचा आणि फरक मोजायचा, ही कल्पना पुढच्या प्रमाणित चाचण्यांच्या कल्पनेची सख्खी बहीण म्हणावी अशीच आहे. पण ह्या सर्वेक्षणाचे काम हैदराबाद संस्थानात झाले नाही. साखरा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. शेजारचा वाशीम भाग वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली असल्याने वऱ्हाडीचे नमुने नोंदले गेले. काही कोसांवर अलीकडे राहणाऱ्यांची बोली मात्र त्या वहीत आली नाही.

दुसरा टप्पा बुद्धिमापनाचा. आल्फ्रेड बीने आणि तेओदोर सिमाँ ह्यांची फ्रेंच चाचणी 1905 ची. लुइस टर्मन ह्यांनी 1916 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचे अमेरिकी रूप सिद्ध केले. हर्बर्ट राइस ह्यांनी लाहोरला तिचा हिंदुस्तानी अवतार केला, तो 1929 मध्ये ग्रंथरूपाने आला. मराठीपुरते पाहायचे तर महत्त्वाचे नाव व्ही. व्ही. कामत ह्यांचे. त्यांनी धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर काम केले, 1934 मध्ये त्याविषयी शोधनिबंध लिहिला आणि 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. कामतांनी केवळ शब्द बदलले नाहीत. एक हजाराहून अधिक मुलांना प्रश्न विचारून कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो, हे त्यांनी नव्याने ठरवले. प्रमाणीकरण म्हणतात ते हेच. एका भाषेत सहा वर्षांच्या मुलाला सोपा असलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत आठ वर्षांच्या मुलालाही अवघड जाऊ शकतो, आणि हे कोणत्याही शब्दकोशात लिहिलेले नसते.

टर्मनच्या चाचणीत मुलाला नाणी ओळखायला सांगितलेले होते. भाषांतरकार अमेरिकी नाण्यांच्या जागी आणे-पैसे घालणार, हे उघड आहे. पण त्या काळी निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे आणि इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. म्हणजे धारवाडच्या मराठी मुलाला जे नाणे ओळखीचे, ते साखऱ्याच्या मराठी मुलाला परके. भाषा एक, प्रश्न एक, आणि तरी उत्तर न येण्याचे कारण बुद्धी नव्हे, राज्याची हद्द. पुढे 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणेही गेले. मापाची पट्टी लाकडाची असली तरी तिच्यावरच्या खुणा अशा काळाबरोबर पुसट होत जातात. कामतांची चाचणी महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत त्यानंतरही अनेक दशके वापरली गेली.

तिसरा टप्पा आमच्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. एडगर डॉल ह्यांनी न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील संस्थेत 1935 मध्ये सामाजिक परिपक्वतेची एक मापनश्रेणी तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की मुलाला काहीच विचारायचे नसते. आईला विचारायचे. मूल हाताने जेवते का, एकटे अंघोळ करते का, गल्लीत एकटे जाते का, पैसे हाताळते का, अशी मूळची 117 कलमे. त्यांत एक कलम सांताक्लॉज खरा नसतो हे मुलाला उमगले आहे का, असेही होते. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातले फादर आर्थर मालिन ह्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत तिचे भारतीय रूप केले. त्यात 89 कलमे राहिली. ह्याच मालिन ह्यांनी 1969 मध्ये वेक्स्लरच्या बुद्धिमापन चाचणीचेही भारतीय रूपांतर नागपुरातून प्रसिद्ध केले.

मूल किती परिपक्व आहे, हे मोजण्याची ही श्रेणी नकळत आणखी एक गोष्ट मोजते. आई मुलाला काय काय करू देते, हे ते दुसरे माप. पाच वर्षांच्या मुलाला आई भरवत असेल तर ते मुलाचे असामर्थ्य की आईची रीत? सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळत असेल तर त्याला कोणत्या कलमात गुण द्यायचे? हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवण्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ह्या श्रेणीच्या गुणांना स्थान होते. आईच्या तोंडच्या उत्तरांवर प्रमाणपत्र अवलंबून आणि प्रमाणपत्रावर सवलती अवलंबून. प्रश्न आईला कसा ऐकू आला, ह्याला पैशांत मोजता येईल इतकी किंमत आहे.

ह्या तीन टप्प्यांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. धारवाड, नागपूर आणि पुढे पुणे-मुंबई ही मराठीच्या मापनाची ठाणी. मराठवाडा 1948 पर्यंत वेगळ्या राज्यात, 1956 मध्ये मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात. हिंगोली जिल्हा तर 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. निजामाच्या राज्यात 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. तेथे परकीय ज्ञान देशी भाषेत आणण्याचा मोठा भाषांतर-उद्योग झाला, पण तो उर्दूत. मराठीत प्रश्न घडवले जात असताना मराठवाड्याची बोली घडवणाऱ्यांच्या कानावर फारशी नव्हती. जे मराठी म्हणून प्रमाणित झाले, ते एका विशिष्ट मराठीवर प्रमाणित झाले.

ह्याच काळात एक निराळी वाट चोखाळली गेली, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. ताराबाईंनी बिया, खडे, शिंपले, पाने ह्यांतून साधने केली आणि मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. हेही एक भाषांतरच होते. फरक इतकाच की येथे भाषांतर बरोबर की चूक, ह्याचा निवाडा मूळ इटालियन पुस्तकाशी ताडून होत नव्हता. अंगणातले मूल त्यात रमते की नाही, ह्यावर होत होता. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने 1962 नंतर बुद्धीच्या चाचण्या मराठीतच नव्याने रचण्याची वाट घेतली. गिलफर्डचा सिद्धान्त बाहेरचा, पण प्रश्न येथले.

आता पालकत्वाच्या प्रश्नावल्यांकडे येऊ. मुळात 'पालक' हा शब्दच पाहावा. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागेखाली तो छापलेला असतो. कोणतीही बाई 'मी पालक आहे' असे म्हणत नाही; ती आई असते, आणि आजी, मोठी काकू, थोरली बहीण ह्यांचाही मुलाला वाढवण्यात वाटा असतो. 'पालकत्व' हा तर त्याहून अलीकडचा शब्द. पुण्याहून 1987 पासून निघू लागलेल्या 'पालकनीती' मासिकासारख्या प्रयत्नांनी तो मध्यमवर्गीय मराठीत रुजवला. साखऱ्याच्या ओसरीवर ह्या अर्थाने चालणारा शब्द 'वळण' आहे. लेकराला वळण लावायचे असते. ते आई लावते, भाऊबंद लावतात, वेळप्रसंगी शेजारीही लावतो. प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत 'पालक म्हणून तुम्ही' असे आले की ऐकणारी बाई शाळेत बोलावल्यासारखी सावरून बसते आणि गुरुजींना आवडेल ते सांगू लागते.

ह्या प्रश्नावल्यांचे मूळ अमेरिकेत आहे. अर्ल शेफर ह्यांनी 1965 मध्ये मुलांच्याच तोंडून आईवडिलांच्या वागण्याचे मापन मांडले. डायना बॉमरिंड ह्यांनी साठच्या दशकात हुकूमशाही, अधिकारयुक्त आणि सैल अशा तीन शैली सांगितल्या. नव्वदच्या दशकात पॉल फ्रिक आणि सहकाऱ्यांची अलाबामा प्रश्नावली आली. तिच्या 42 विधानांत मुलांच्या जीवनात सहभाग, शाबासकी, देखरेखीतली ढिलाई, शिस्तीतली विसंगती, मारहाण अशी अंगे आहेत. त्यांतली काही विधाने मनातल्या मनात साखऱ्याला नेऊन पाहावीत.

बाहेर जाताना मूल चिठ्ठी ठेवत नाही, हे तेथे देखरेखीच्या अभावाचे लक्षण. साखऱ्यात मूल कोठे आहे हे चिठ्ठीवरून कळत नाही, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याकडून कळते. आईवडिलांना ठाऊक नसलेल्या मित्रांत मूल जाते का, असे विचारावे तर गावात ठाऊक नसलेला मित्र आणायचा कोठून? शिक्षा म्हणून जास्तीचे घरकाम देता का, असे विचारले तर आई गोंधळते, कारण सोयाबीन काढणीला सगळे घर रानात असते तेव्हा काम ही शिक्षा नसते आणि बक्षीसही नसते. शिक्षा म्हणून खाऊचे पैसे बंद करता का, ह्या प्रश्नाला मुळात दर आठवड्याला ठरलेले पैसे मिळणारे मूल हवे. आणि मराठवाड्यातल्या ज्या गावांतून ऊसतोडीला कुटुंबे जातात, तेथे वर्षाचे पाच-सहा महिने आई फडात आणि लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असते. रोज मुलाशी दिवसभराविषयी बोलता का, असे त्या आईला विचारणे हा प्रश्न आहे की आरोप, हे सांगणे कठीण.

येथे कोणी म्हणेल की संशोधक इतके भोळे नसतात, पडताळ्याच्या पद्धती आहेत. आहेत, आणि त्या समजून घ्यायला हव्यात. रिचर्ड ब्रिस्लिन ह्यांनी 1970 मध्ये ग्वाम विद्यापीठातल्या दहा भाषांच्या 94 द्विभाषिकांकडून भाषांतर आणि उलट भाषांतर करून घेतले. एकाने इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही इंग्रजी संहिता ताडून पाहायच्या. वाक्ये लहान ठेवा, नाम पुन्हा वापरा, सर्वनाम टाळा, रूपक टाळा, असा त्यांचा सल्ला. साहित्याच्या माणसाला त्यात गंमत वाटेल. आपण जे शिकवतो ते सगळे तेथे आधी काढून टाकायचे असते. पद्धत उपयोगी आहे, ढोबळ चुका तीत सापडतात. पण आमच्या प्रसंगात ती काय करती? इंग्रजी शब्दाचे 'कौतुक' झाले असते, 'कौतुक'चा पुन्हा तोच इंग्रजी शब्द झाला असता. परतीचा प्रवास सुखरूप. नजर लागण्याची भीती वाटेत कोणालाच भेटली नसती, कारण दोन्ही भाषांतरकार शहरातले, पदवीधर आणि द्विभाषिक. जिला प्रश्न विचारायचा ती मात्र ह्या तीनपैकी काहीच नाही.

दुसरी कसोटी आकड्यांची. ली क्रॉनबॅक ह्यांनी 1951 मध्ये दिलेला अल्फा हा गुणांक एका गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, हे सांगतो, साधारणपणे 0.70 च्या वर गेला की संशोधकाला हायसे वाटते. पण कौतुकाविषयीचे सहा प्रश्न आहेत असे समजू. नजरेला मानणाऱ्या आया सहाही प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणतील, शाळेत शिकवणाऱ्या आया सहाही प्रश्नांना 'नेहमी' म्हणतील. प्रश्न एकमेकांशी उत्तम जुळतील आणि अल्फा देखणा येईल. मोजले काय गेले? माया नव्हे, कौतुक उघड बोलून दाखवण्याची रीत. चूकही सातत्याने केली की विश्वसनीय ठरते. म्हणूनच क्रॉनबॅक आणि पॉल मील ह्यांनी 1955 मध्ये रचना-वैधतेचा वेगळा विचार मांडला. जे मोजतो म्हणतो तेच मोजतो का, हे एका आकड्याने सिद्ध होत नाही. त्या संकल्पनेचे बाकीच्या आयुष्याशी जे धागे असायला हवेत ते आहेत का, हे पाहत राहावे लागते.

असा धागा तुटलेला एका संशोधिकेला दिसला. रूथ चाओ ह्यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरित चिनी आणि गोऱ्या अमेरिकी आयांची तुलना केली. चिनी आया हुकूमशाही शैलीत वरचे गुण मिळवत. गोऱ्या मुलांत ती शैली शाळेतल्या अपयशाशी जोडलेली, पण चिनी मुले तर शाळेत पुढे. चाओंनी उत्तर एका चिनी शब्दात शोधले. 'ग्वान' म्हणजे ताब्यात ठेवणे आणि काळजी वाहणे, दोन्ही एकत्र. आपल्याकडे 'धाक' हा शब्द असाच आहे. 'त्या पोराला कोणाचा धाकच नाही' ही हुकूमशाही नसल्याबद्दलची शाबासकी नव्हे, तर आईबापांनी वाऱ्यावर सोडल्याची तक्रार आहे. त्याच शब्दाला 'दपटशा' जोडला की मात्र अर्थ जुलमाकडे झुकतो. भाषांतरकाराने 'धाक' निवडला की 'धाकदपटशा', एवढ्यावर एखादे गाव प्रेमळ किंवा जुलमी ठरू शकते.

चाओंनी केलेला हा भेद मुळात आपल्याच शेजारच्या शास्त्रातला. केनेथ पाइक ह्या भाषावैज्ञानिकाने 1954 मध्ये स्वन आणि स्वनिम ह्या भेदावरून संस्कृतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सांगितल्या: बाहेरून सगळीकडे सारखी लावायची ती एक, आणि त्या समाजाला स्वतःला जो भेद अर्थपूर्ण वाटतो तो धरून चालणारी दुसरी. 'च'चे दोन उच्चार कोठे अर्थ बदलतात आणि कोठे नाही, हे आपण प्रथम वर्षाला शिकवतो. कौतुक करणे आणि न करणे हा भेद साखऱ्यात कोठे अर्थपूर्ण आहे, हे विचारणे त्याच जातीचे आहे. आई तोंडाने कौतुक करीत नाही, पण पोरगा पहिला आला की मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, कानशिलावर बोटे मोडते. प्रश्नावलीत त्याला चौकट नाही.

आमचे म्हणणे प्रश्नावल्या टाकून द्याव्यात, असे नाही. मार खाणाऱ्या मुलांचे दुःख सांस्कृतिक फरक म्हणून झाकता येत नाही, आणि मोजल्याशिवाय ते दिसतही नाही. उलट ज्याला ते खरोखर मोजायचे आहे, त्यानेच शब्दांविषयी अधिक कडक असायला हवे. 'रागावणे' ह्या क्रियापदात मनात राग येणे आणि बोलणी देणे, दोन्ही आहेत; 'मारणे'मध्ये चापटीपासून काठीपर्यंत सगळे मावते. अशा जागी ढिलाई केली की खरा मारही सरासरीत विरून जातो.

मग भाषेच्या शिक्षकाने करायचे काय? पडताळ्याची एक रीत अगदी आमच्या आवाक्यातली आहे. प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तर घेण्याआधी आईला म्हणायचे, हा प्रश्न तुमच्या शेजारणीला तुमच्या शब्दांत विचारा. ती जे विचारील, तो खरा मराठी प्रश्न. त्यानंतर उत्तर, आणि त्यानंतर असे का म्हणालात, हे. पंधरा-वीस आयांशी असे बोलले तरी ज्या चुका उलट भाषांतरात आणि अल्फात लपून राहतात, त्यांतल्या पुष्कळशा वर येतात. ह्याला संगणक लागत नाही. बोलीचा कान, वेळ आणि साखऱ्यापर्यंतचे एसटीचे तिकीट लागते. वर्गात बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांकडे तो कान आहे. त्यांना आपण तो शुद्धलेखनाच्या नावाखाली बुजवायला शिकवतो, ही आमची आणखी एक कबुली.

ज्या प्रश्नावलीवर आम्ही सही केली, तिचे पुढे गुण निघाले, तक्ते झाले. साखऱ्याच्या त्या आईचे उत्तर त्यांत नव्हते, कारण ते केवळ घरातले वाचन होते. पण तिच्यासारख्या इतर आयांची उत्तरे असणार, आणि त्यांच्या 'कधीच नाही'चे कारण कोणी विचारले नसणार. त्याला आमची सही जबाबदार आहे. आता असे कागद आले की आम्ही आधी एकच विचारतो: हे कोणाला वाचून दाखवले? उत्तरात एखाद्या गावाचे नाव आले तर पुढे बसतो. नाही तर प्रमाणपत्रावर एवढेच लिहून देतो की, वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. ती कळतात की नाही, हे आम्ही तपासलेले नाही.